पातूरच्या अलीकडे थांबलेली गाडी

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. चंद्रभानजी तायडे, त्यांच्या पत्नी सौ. ललिताबाई, या तंत्रशाळेचे शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, अमरावतीकर बंधू-भगिनी, आणि आत जागा असूनही दाराशी उभे राहिलेले माझे टॅक्सीवाले मित्र, आपणा सर्वांना अकोल्याहून आलेल्या शेषराव वकिलाचा नमस्कार.

वकिलाला बोलायला दहा मिनिटं देणं ही अध्यक्षांची उदारता, आणि हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवणं हा त्यांचा अनुभव. मी दोन्हींचा मान राखण्याचा प्रयत्न करीन. राखला जाईलच असं वचन मात्र देत नाही.

माझ्याआधी बोललेल्यांनी तायडे मास्तरांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, हाताखालून गेलेल्या पोरांबद्दल सांगितलं. सगळं खरं आहे. पण हा माणूस अमरावतीला आला कसा, हे कोणी बोललं नाही. बदली होऊन आला. बरं, बदली का झाली? इथल्या तरुण शिक्षकांपर्यंत ती हकीकत दोन तऱ्हांनी पोचली आहे. काहींनी ऐकलं की यांनी पेट्रोल वाचवायचं खोटं यंत्र काढून लोकांना फसवलं. काहींनी ऐकलं की यांनाच कोणीतरी फसवलं. दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत, कारण त्या यंत्राची चाचणी झाली त्या दिवशी मी गाडीत मागच्या बाकावर बसलो होतो. मघाशी चहाच्या वेळी मी मास्तरांना विचारलं, सांगू का? ते म्हणाले, "सांगा. फक्त माह्यावाली चूक सोडून सांगू नका."

तर मंडळी, तो सुएझचा कालवा बंद पडल्याचा हिवाळा. कालवा कुठे आणि अकोला कुठे? पण तिकडे जहाजं अडली आणि इकडे आमच्या टॅक्सी स्टँडवर माणसं पंपाकडे टक लावून बसू लागली. उद्या पेट्रोल मिळेल की नाही, याचीच चर्चा. अशा वेळी काय काय विकायला येतं ते विचारू नका. टाकीत टाकायच्या गोळ्या आल्या. नळीला बांधायचं लोहचुंबक आलं. एका गृहस्थाने तर पाण्यात पूड मिसळून गाडी चालवून दाखवतो म्हणून दवंडी दिली, आणि दाखवायच्या दिवशी ते गृहस्थच दिसले नाहीत.

तायडे मास्तर तेव्हा अकोल्याच्या तंत्रशाळेत इंजिनाचे निदेशक होते. त्यांच्या डोक्यातला विचार साधा होता. पेट्रोल थंड असतं म्हणून पुरतं जळत नाही, ते आधी तापवून त्याची वाफ केली तर कमी पेट्रोलात तेवढंच काम होईल. त्यांनी तांब्याच्या नळीचं वेटोळं केलं, ते धूर बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या नळकांड्याभोवती गुंडाळलं, वरून जाड दोरीचं वेष्टण दिलं, आणि पेट्रोल त्यातून फिरवून इंजिनात सोडलं. शाळेतल्या इंजिनावर थोडी बचत दिसली. थोडी, असंच ते सांगत. मी स्वतः ऐकलं आहे. "अजून पाहून राहिलो, वकीलसाहेब. इतक्यात काही बोलता येत नाही."

पण ते बोलले नाहीत तरी बोलणारे पुष्कळ होते. उत्तमराव नावाचे एक गृहस्थ मोटारीच्या सुट्या भागांचा धंदा करत. त्यांनी मास्तरांना गाठलं, यंत्र पाहिलं, आणि महिन्याभरात वऱ्हाडभर पत्रकं गेली की गाडी दुप्पट पळणार. मास्तरांनी विचारलं, दुप्पट कोणी सांगितलं? उत्तमराव हसून म्हणाले, जाहिरातीत तसंच लिहितात. तीन यंत्रं तयार होती. एक शाळेत, दुसरं जाहीर चाचणीसाठी, आणि तिसरं उत्तमरावांनी मास्तरांना न विचारता परतवाड्याकडे टॅक्सी चालवणाऱ्या मोतीरामला बसवून दिलं. पुढे शेकडो करायची होती. टॅक्सीवाल्यांनी नावं नोंदवून ठेवली होती.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मास्तर मूळचे बार्शीटाकळीचे. त्यांची सगळी वस्ती आदल्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. माणसं नव्या उमेदीत होती, आणि त्यांच्यातल्या एका माणसाने इंजिनातलं नवं काही शोधून काढलं म्हणून पेपरात नाव आलं होतं. आपल्यापैकी कोणाला कधी हा अनुभव आला आहे का, की आपल्या यशाची वाट शंभर घरं पाहत आहेत? मान ताठ होते हे खरं. पण झोपही उडते.

चाचणी अशी ठरली. गाडी सहदेव नावाच्या ड्रायव्हरची, जुनी शेवरलेट. ती गॅलनला बारा मैलांच्या पुढे कधी गेली नव्हती. टाकी रिकामी करायची, एकच गॅलन पेट्रोल भरायचं, वर लाखेचं सील लावायचं आणि अकोल्याहून पातूरकडे निघायचं. एरवी गाडी अर्ध्या वाटेच्या थोडी पुढे मान टाकणार. ती पातूर गाठून घाटाला लागली तर दुप्पट सिद्ध. सील लावायला आणि साक्षीला वकील हवा म्हणून मी. टॅक्सीमालकांच्या वतीने त्यांचे अध्यक्ष नत्थुजी. तिसरे उत्तमराव. आम्ही तिघे मागे, सहदेव आणि मास्तर पुढे. पातूरच्या वेशीवर हार, लेझीम आणि बार्शीटाकळीहून ट्रक करून आलेली माणसं. त्यांत ललिताबाई होत्या, आणि वस्तीतले वडीलधारे पुंजारामजीही.

सकाळी निघालो. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग होती. पहिले काही मैल सगळे बोलत होते. मग गाडीने जिथे थांबायला हवं होतं ती जागा जवळ आली आणि सगळे मैलाचे दगड मोजू लागलो. इंजिन एकदा अडखळलं. नत्थुजींनी माझा गुडघा धरला. सहदेव जरा वाकला, आणि इंजिन परत एका लयीत सुरू झालं. पुढचा मैलाचा दगड गेला. त्याच्या पुढचा गेला.

नत्थुजी खुशीत आले. "मास्तर, तुमी तं कमाल केली. आमची टॅक्सी तरली म्हना आता."

मला मास्तरांची मान आणि एक गाल दिसत होता. ज्या माणसाचं आयुष्याचं स्वप्न त्या क्षणी खरं होत होतं, त्याचा चेहरा कसा असायला हवा? तो चेहरा तसा नव्हता. ते कान देऊन इंजिन ऐकत होते. मग त्यांनी सहदेवला हळूच विचारलं, "मघाशी तू पायापाशी काय फिरवलं?"

"हवेचा कॉक," सहदेव म्हणाला.

"कोनता हवेचा कॉक?"

"यंत्राचा. इंजिन अडखळलं का खोलजो, असं उत्तमरावजीनं सांगितलं होतं."

मास्तर म्हणाले, "माह्या यंत्राले हवेचा कॉक नाही."

मंडळी, मी कोर्टात पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत. एवढ्या हळू आवाजात एवढी मोठी गोष्ट मी कधी ऐकली नाही. उत्तमराव खिडकीतून बाहेर पाहत होते. मी म्हणालो, "उत्तमराव, हे काय आहे?" ते म्हणाले, "पातूर आलंच. तिथे पोचल्यावर बोलू."

त्याच वेळी मला वास आला. पेट्रोलचा वास मोटारीत असतोच, पण हा डोळ्यांना झोंबणारा होता. नत्थुजींना बेचैनी झाली की बिडी लागायची. त्यांनी बिडी तोंडात धरली आणि काडीपेटी काढली. मास्तर वळले ते अर्धे उभे राहूनच. दोन बाकांच्या मधून त्यांनी नत्थुजींचं मनगट धरलं.

"नत्थुजी, काडी ओढू नका."

"काहून?"

"ओढू नका. सहदेव, गाडी बाजूले घे. इंजिन बंद कर."

उत्तमरावांचा आवाज बदलला. "मास्तर, समोर पाहा. ते झेंडे दिसतात? तुमची माणसं आहेत ती. पहाटेपासून उभी आहेत. पाच मिनिटांचा रस्ता राहिला आहे. तुमचं काय जातं?"

खरोखर पुढच्या वळणापलीकडे झेंडे दिसत होते. लेझमीचा आवाज येत होता. सहदेवचा पाय कुठे ठेवावा हे त्याला कळेना. तो एकदा मास्तरांकडे, एकदा आरशातून उत्तमरावांकडे पाही. मास्तर म्हणाले, "सहदेव, गाडी तुही हाय. पन आत पाच माणसं हायेत." सहदेवने गाडी कडेला घेतली.

नत्थुजींच्या बाजूचं दार उघडेना. मूठ तुटलेली, बाहेरून तारेने बांधलेलं. पलीकडच्या दाराने आधी मी आणि मागून ते भारी अंगाचे गृहस्थ कसे बाहेर आलो ते आठवलं की आजही घाम फुटतो. उत्तमराव त्याच दाराने आमच्या आधी केव्हाच उतरले होते. मास्तरांनी मागचा बाक उचलला. खाली पेट्रोलचा चौकोनी डबा. त्यातून एक नळी पुढे गेलेली, थेट सहदेवच्या पायाजवळच्या कॉकपर्यंत. आम्ही त्या डब्यावर बसून आलो होतो.

मला वाटलं, वास याचाच. कोणालाही तसंच वाटलं असतं. पण मास्तरांनी डब्यावरून हात फिरवला. हात कोरडा. त्यांनी हात पुन्हा पाहिला, मग रस्त्यावर पालथे पडून गाडीखाली डोकं घातलं. आणि तिथूनच म्हणाले, "लांब व्हा."

ठिणगी कशाची पडली कोण जाणे. गाडीखाली आधी निळसर, मग पिवळी अशी जीभ दिसली. वेष्टणाची दोरी पेट्रोलने भिजली होती, ती पेटली. मागे डबा तसाच. सहदेव धावला, त्याची सगळी कमाई ती गाडी होती. मास्तरांनी त्याला ढकलून दिलं, त्या दिवसासाठी शिवलेला कोट काढला, गाडीखाली सरकले आणि त्या वेटोळ्यावर कोट दाबून धरला. मी आणि नत्थुजी शेतातली काळी माती दोन्ही हातांनी ओढून आत टाकत होतो. वकील आणि टॅक्सीमालकांचे अध्यक्ष, गुडघ्यांवर. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचा डावा तळहात सोलून निघाला होता. पण डबा पेटला नव्हता.

धूर पाहून पातूरहून माणसं धावत आली. कोणाच्या हातात हार, कोणाच्या हातात लेझीम. मास्तर रस्त्याच्या कडेला बसले होते. उत्तमराव त्यांच्याजवळ वाकले. मी ऐकेन याची त्यांना पर्वा राहिली नव्हती. "मास्तर, अपघात म्हणायचं. जुनी गाडी होती. डब्याचं मी पाहतो, तो गुपचूप काढून टाकतो. हात भाजला, लोक तुम्हाला डोक्यावर घेतील. पुढच्या महिन्यात दुसरी चाचणी."

मास्तर उठले. ते गाडीच्या पायरीवर चढले. समोर त्यांची माणसं, अकोल्याचे टॅक्सीवाले, पातूरचे लोक. आणि मी मनात म्हणालो, आता हा माणूस उत्तमरावांचं नाव घेईल, डबा दाखवेल, आणि सुटेल. तेवढं केलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, नाही का? डबा तर समोर होता.

त्यांनी डबा दाखवला. लोकांत एकच गलका उठला, कोणीतरी उत्तमरावांची कॉलर धरली. मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"डबा यायनं ठेवला. त्याच्यात माहा हात नाही. पन आग डब्यानं नाही लागली. डबा कोरडा हाय. आग माह्या यंत्रानं लागली. नळीचा सांधा मी कथील लावून झाळला होता, तो गरमीनं सुटला. शाळेत इंजिन अर्धा तास चालवत होतो म्हनून सुटला नाही. रस्त्यावर सुटला. आन् दुप्पट-बिप्पट काही नाही. सकाळी थंड गाडी सुरू करताना थोडं वाचते, बस. हे यंत्र कोनी गाडीत बसवू नका."

गलका होता तो एकदम थांबला. मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुंजारामजी पुढे आले. त्यांच्या हातात हार तसाच होता. ते म्हणाले, "चंद्रभान, हे आज, इतक्या लोकायसमोर, बोलाचं होतं काय? डब्यावालं बोलला, तेवढ्यावर थांबता येत नव्हतं काय तुले?"

मास्तर म्हणाले, "थांबलो असतो, तं लोकं म्हनले असते डबा काढा आन् यंत्र ठेवा."

पुंजारामजींनी हार खाली ठेवला नाही, घातलाही नाही. ते तसेच मागे फिरले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. त्यांच्यामागून एकेक करून पुष्कळजण गेले.

आणि तेव्हा ललिताबाई गर्दीतून पुढे आल्या. आज त्या इथे बसल्या आहेत आणि मी त्यांचं नाव घेतल्याने त्यांना संकोच होतो आहे, पण इलाज नाही. त्यांनी हाताकडे पाहिलं. रडल्या नाहीत, काही समजूतही घातली नाही. त्यांनी विचारलं, "असं यंत्र अजून कोनत्या गाडीले लावलं हाय?"

मास्तरांना शाळेतलं ठाऊक होतं. तिसरं उत्तमरावांकडे पेटीत बांधून ठेवलंय असं ते धरून चालले होते. त्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं. नत्थुजींनी जवळ जाऊन विचारलं, तेव्हा उत्तमराव म्हणाले, "मोतीरामला दिलं आहे. परतवाड्याला."

मोतीराम परतवाड्याहून चिखलदऱ्याला माणसं नेत असे. चढाचा घाट, इंजिन तापणार, मागे भरलेली गाडी. पातूर ते परतवाडा केवढं अंतर आहे हे आपल्याला सांगायला नको. ललिताबाईच म्हणाल्या, "तार करा." आम्ही पातूरच्या पोस्टात धावलो. परतवाड्याच्या टॅक्सी स्टँडच्या नावाने तार केली, मोतीरामची गाडी हलू देऊ नका. मग पोस्टाच्या ओट्यावर बसलो. मास्तरांच्या हाताला कोणीतरी खोबरेल लावून फडकं गुंडाळलं होतं. तार पोचेल, पण स्टँडवर ती घेणारं कोणी असेल का? घेतली तरी मोतीराम निघून गेला नसेल का? मास्तर फक्त एकदा म्हणाले, "त्याचा सांधा मी याच्याहून घाईनं झाळला होता."

दुपार कलली तेव्हा उत्तर आलं. मोतीराम माणसं बसवून घाटाकडे निघण्याच्या बेतात असताना त्याला थांबवलं होतं. पुढे तो मला भेटला तेव्हा त्याने सांगितलं की यंत्र काढून पाहिलं तर वेष्टणाची दोरी आतून करपून काळी झाली होती आणि बोट लावताच नळी सांध्यातून निघून हातात आली.

यापुढचं थोडक्यात सांगतो, अध्यक्ष महाशय घड्याळाकडे पाहत आहेत. उत्तमराव अकोल्यातून गेले. शाळेने मास्तरांची चौकशी केली, ठपका ठेवला आणि बदली केली. स्टँडवरचे लोक वर्षभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. कोणी जळालं नाही, त्यामुळे कोण वाचलं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुंजारामजी पाच वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एका उन्हाळ्यात नातवाला घेऊन याच शाळेत आले, मास्तरांच्या वर्गात त्याला बसवलं आणि म्हणाले, "याले शिकव. तुही हाय तशी जबान याले लागू दे."

आपल्याला वाटेल, हा माणूस पुन्हा अशा यंत्राच्या वाटेला गेला नसेल. गेल्या वर्षी एकजण असंच काहीतरी घेऊन अमरावतीत आला, तेव्हा तायडे मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. इथल्या वर्कशॉपात दोन दिवस ते चालवून पाहिलं. काही निघालं नाही. मी विचारलं, अजून आशा आहे? ते म्हणाले, "होईन कधी तरी. काहून नाही होनार? फक्त अगोदर आपन बसाचं, मंग दुसऱ्याले बसवाचं." निवृत्तीनंतर ते बार्शीटाकळीला शेतीच्या पंपाच्या इंजिनांवर काम करणार आहेत, असं कळतं. मी शेजाऱ्यांना सावध करून ठेवावं की अभिनंदन करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक शेवटचं. आज येताना टांग्यात मी ललिताबाईंना विचारलं, त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं? सगळं गाव विरोधात, नाव गेलं, हात भाजलेला. त्या म्हणाल्या, "यंत्राच्या पायी तीन महिने त्यायले झोप नव्हती. उठून बसत, अंगनात फिरत. त्या दिवशी घरी आले, डाव्या हाताले फडकं होतं म्हनून मी भाकर कुस्करून दिली, ती खाल्ली आन् झोपले. सकाळी मी हालवून उठवलं तवा उठले."

अध्यक्ष महोदय, आपण मला ठरल्यापेक्षा जास्त वेळ बोलू दिलंत, तायडे दांपत्याने स्वतःबद्दलचं हे सगळं माझ्या तोंडून निमूटपणे ऐकून घेतलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या मंडळींनी पाय दुखत असूनही साथ दिली, याबद्दल मी सर्वांचा मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे शब्द अधिक-उणा झाला असेल, तर तो या म्हाताऱ्या वकिलाचा दोष समजून मोठ्या मनाने पोटात घालावा. मास्तर, ललिताबाई, सुखाने जा. नमस्कार.